देवघेव खिडकीच्या आतली माणसे : ग्रंथालयातील कामाची वाटणी आणि दिव्यांग सहकारी

निर्गमखिडकी (धागाकर्ती)

नमस्कार. तालुक्याच्या गावातील एका ‘ब’ वर्ग सार्वजनिक ग्रंथालयात (शासन ग्रंथालयांचे ‘अ’ ते ‘ड’ असे वर्ग करते) मी गेली चौदा वर्षे ग्रंथपाल म्हणून काम करते. दिव्यांग वाचक, ज्येष्ठ वाचक, बालवाचक यांच्यासाठी काय करावे यावर आपल्या क्षेत्रात पुष्कळ बोलले जाते आणि परिपत्रकेही निघतात. खिडकीच्या आतल्या बाजूला बसणाऱ्या माणसांबद्दल मात्र मी फारशी चर्चा ऐकलेली नाही, आणि माझ्यापुढचा प्रश्न नेमका आतल्या बाजूचा आहे.

दोन महिन्यांपूर्वी आमच्याकडे निर्गम सहायक म्हणून, म्हणजे खिडकीवर पुस्तकांची देवघेव पाहण्यासाठी, एक तरुण रुजू झाला. त्याने ग्रंथालय प्रमाणपत्र अभ्यासक्रम केला आहे आणि दशांश वर्गीकरण, म्हणजे पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याची पद्धत, त्याला खरोखरच चांगले येते. त्याला रेटिनायटिस पिगमेंटोसा हा दृष्टिपटलाचा विकार आहे. या विकारात अंधुक उजेडातले दिसणे आधी जाते आणि मग नजरेचे वर्तुळ कडेने आत आवळत येते. त्यामुळे समोर धरलेल्या पानावरचा बारीक टाइप तो वाचू शकतो, पण पायाशी ठेवलेले स्टूल त्याला दिसत नाही. सभासदांना हे कोडे वाटते. ‘वाचता येते, मग धडकतो कसा?’ असे त्याच्यादेखत विचारले जाते, आणि एका वर्गणीदारांनी तर तो सोंग करत असल्याचे सूचनावहीत लिहून खाली सही केली आहे.

आमच्या कार्यवाहांनी तोडगा काढला आहे की त्याला वर्तमानपत्रांच्या टेबलाशी बसवावे, तेथे तो दूरध्वनी घेईल, आणि देवघेव शिपायाकडे द्यावी. ‘बिचाऱ्याला त्रास नको’, असे ते म्हणाले. त्यांचा हेतू वाईट नाही हे मला ठाऊक आहे, पण जो मुलगा वर्गीकरण शिकून आला त्याने दिवसभर ‘वाचनालय सोमवारी बंद असते’ एवढेच सांगत बसायचे, हे मला पटत नाही. नुसतेच नाही म्हणायचे तर कार्यवाहांपुढे दुसरी वाटणी ठेवावी लागेल, आणि ती कशी करावी हे मला समजत नाही. ज्यांनी अशा सहकाऱ्यांसोबत काम केले आहे किंवा जे स्वतः असे काम करतात, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पाचवीमांडणी

ताई, मी महाविद्यालयीन ग्रंथालयात आहे. आमच्याकडे हाच विकार असलेले एक सहकारी नऊ वर्षे होते, म्हणून अनुभवाने लिहितो.

पहिली गोष्ट उजेडाची. जुन्या ग्रंथालयांत ट्यूब भिंतीला असतात आणि मांडण्या त्यांना आडव्या, त्यामुळे दोन मांडण्यांमधल्या बोळात भर दुपारीही संध्याकाळ झालेली असते. आम्ही ट्यूब काढून बोळांच्या मधोमध, छताला, बोळाच्याच दिशेने लावल्या. खर्च वायरमनच्या एका दिवसाचा आला. दुसरी गोष्ट, फिरत्या वस्तूंची. स्टूल, पुस्तकांची ढकलगाडी, केराची टोपली आणि वाचकांच्या पिशव्या यांना जागा ठरवून दिली आणि जमिनीवर पिवळ्या पट्टीने चौकोन आखले. चौकोनाबाहेर स्टूल ठेवणाऱ्याला आमचे शिपाईमामा असे काही बोलत की पुन्हा कोणी ठेवत नसे. पायऱ्यांच्या कडांनाही तीच पट्टी लावली, आणि त्याबद्दल आभार मात्र मोतीबिंदू झालेल्या सभासदांनी मानले.

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. यातले काहीही करण्यापूर्वी त्याला विचारा. आम्ही सुरुवातीला मोठ्या उत्साहाने भिंगाचा दिवा आणून ठेवला. आमच्या सहकाऱ्यांची मधली नजर शाबूत असल्याने भिंगाचा त्यांना काडीचा उपयोग नव्हता, उलट मोठे झालेले अक्षर त्यांच्या अरुंद वर्तुळात मावेनासे झाले. त्यांनी संकोचाने सहा महिने तो दिवा टेबलावर तसाच राहू दिला.

स्पर्शलिपी

मी पूर्ण दृष्टिहीन आहे आणि अकरा वर्षे एका मोठ्या ग्रंथालयात नोकरी करतो. आपल्या कार्यवाहांनी सुचवलेला दूरध्वनी मी पहिली दोन वर्षे सांभाळला आहे, त्यामुळे त्या खुर्चीची मला चांगली माहिती आहे. त्या खुर्चीवर माणूस चुकत नाही, शिकत नाही आणि बढतीच्या वेळी कोणाला आठवत नाही.

तालिकेच्या, म्हणजे पुस्तकांच्या सूचीच्या, कामात मला घ्यावे यासाठी मी अर्ज केला, तेव्हा खरा अडसर माझ्या डोळ्यांचा निघाला नाही. संगणकावर एनव्हीडीए नावाचा विनामूल्य पडदावाचक (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी प्रणाली) मी टाकून घेतला होता आणि तो मराठी वाचतो. परंतु आमच्याकडील सुमारे निम्म्या नोंदी कृतिदेव या जुन्या टंकात भरलेल्या होत्या. हा टंक डोळ्यांना मराठी दिसतो, पण आत रोमन अक्षरेच असतात आणि त्यांच्यावर देवनागरीचे चित्र चढवलेले असते. आपल्याला जेथे ‘मुंबई’ दिसते, तेथे माझ्या कानात ‘ई क्यू ए सी बी झेड’ असे काहीतरी पडते. पहिल्या दिवशी मी तीन तास ऐकत बसलो होतो आणि शेजारचा सहकारी मला समजावत होता की नोंद अगदी स्वच्छ टंकलेली आहे.

मजेची बाब अशी की त्याच नोंदी डोळस वाचकांनाही सापडत नव्हत्या. वाचक घरून भ्रमणध्वनीवर युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षरे खरोखर देवनागरी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, लेखकाचे नाव टंकून शोधत, आणि पुस्तक मांडणीवर असूनही ‘आढळले नाही’ असे उत्तर येई. ग्रंथपालांनी नोंदी युनिकोडमध्ये आणण्याचे काम माझ्यासाठी म्हणून सुरू केले असते तर ते कधीच मंजूर झाले नसते. वाचकांच्या तक्रारींमुळे ते मंजूर झाले, आणि ते पूर्ण करणारा मी होतो.

आपल्या सहकाऱ्याच्या बाबतीत एक सुचवतो. देवघेव त्याच्याकडेच ठेवा आणि बारकोड सगळ्या पुस्तकांत एकाच जागी चिकटवा, समजा मागच्या मुखपृष्ठाच्या आत वरच्या उजव्या कोपऱ्यात. बारकोड वाचणाऱ्या यंत्राचा आवाज आला की नोंद झाली हे कळते. बारकोड एकदा येथे आणि एकदा तेथे असला तर डोळसालाही पुस्तक उलटेसुलटे करावे लागते, फक्त त्याची तक्रार कोणी सूचनावहीत लिहीत नाही.

जमाखर्च

मी एका ग्रंथालयाचा कार्यवाह आहे, तेव्हा आपल्या कार्यवाहांची बाजू मांडणारे कोणीतरी असावे म्हणून लिहितो.

वर सुचवलेले सर्व योग्य आहे, परंतु ज्या ग्रंथालयांना शासनाचे अनुदान वर्षातून दोन हप्त्यांत येते, ज्यांत कर्मचाऱ्यांना पगार मिळतो तो मानधन म्हणायच्याही लायकीचा नसतो, आणि ‘ड’ वर्गात तर बहुतेक ठिकाणी एकच माणूस कुलूप उघडण्यापासून वही लिहिण्यापर्यंत सर्व करतो, तेथे समावेशनाची भाषा कोणत्या तोंडाने करायची? २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ झाली हे खरे आहे, पण मुळातला आकडा इतका लहान होता की वाढ टक्केवारीतच मोठी दिसते. आमची इमारत ब्रिटिश काळातील आहे, प्रवेशाला दगडी पायऱ्या आहेत आणि वरचा मजला लाकडी जिन्याने जोडलेला आहे. उद्या चाकाच्या खुर्चीवरचा उमेदवार आला तर मी त्याला कोठे बसवू?

आणि एक प्रश्न. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतले चौथे सूत्र ‘वाचकाचा वेळ वाचवा’ असे आहे. खिडकीवर रांग लागत असेल तर सभासदाने सहानुभूतीपोटी किती वेळ उभे राहावे? मी निष्ठुर नाही, पण वर्गणीदार हा प्रश्न मला विचारतात आणि मला उत्तर द्यावे लागते.

निर्गमखिडकी

जमाखर्च साहेब, आपला प्रश्न मी गंभीरपणे घेतला आणि काल व आज संध्याकाळी सहा ते सात या गर्दीच्या वेळेत घड्याळ लावून बसले.

काल माझा सहकारी खिडकीवर होता, आज मी होते. त्याला एका देवघेवीला माझ्यापेक्षा साधारण वीस सेकंद जास्त लागली. ही वीस सेकंदे कोठे जातात हेही मी पाहिले. परत आलेली पुस्तके सभासद खिडकीच्या फळीवर कोठेही टाकतात, काही त्याच्या डाव्या कोपराशी, म्हणजे त्याच्या नजरेच्या वर्तुळाबाहेर. तो फळी चाचपून पुस्तक शोधतो आणि तेवढ्यात मागचा माणूस सुस्कारा सोडतो. आज दुपारी मी फळीवर मधोमध एक उथळ लाकडी ट्रे ठेवला आणि ‘पुस्तके येथे ठेवावीत’ अशी पाटी लावली. उद्या पुन्हा घड्याळ लावीन.

दोन दिवसांच्या मोजणीवरून निष्कर्ष काढू नये हे मला कळते. पण आजवर ‘तो हळू आहे’ हे आम्ही सर्वजण न मोजताच म्हणत होतो, मीसुद्धा.

कलमवाचक

पगाराचा आणि अनुदानाचा मुद्दा मान्य करूनही कायद्याची बाजू येथे स्पष्ट असावी, कारण हा विषय सहानुभूतीचा समजला जातो आणि त्यामुळेच तो अडकतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वे धरली आहेत. कलम २० प्रमाणे ‘शासकीय आस्थापने’ने दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोय आणि अडथळामुक्त वातावरण द्यावयाचे आहे, आणि नोकरीत असताना दिव्यांगत्व आले तर त्याला काढता किंवा खालच्या पदावर ढकलता येत नाही. आपल्यापैकी बरेच कार्यवाह म्हणतील की आमची संस्था नोंदणीकृत न्यास आहे, शासकीय नाही. मात्र या कायद्यातली शासकीय आस्थापनेची व्याख्या वाचण्यासारखी आहे. शासनाच्या मालकीची किंवा नियंत्रणाखालील संस्थेबरोबरच शासनाचे साहाय्य मिळणारी संस्थाही तीत येते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ खाली मान्यता घेऊन आपण दर वर्षी अनुदान उचलतो, तेव्हा ही व्याख्या आपल्याला लागू नाही असे म्हणणे अवघड आहे.

‘वाजवी सोय’ याचा अर्थ वाटेल तो खर्च असा नाही. संस्थेवर अवाजवी भार न पडता केलेला आवश्यक बदल, अशी तिची मर्यादा कायद्यातच आहे. लाकडी ट्रेचा भार अवाजवी आहे असे कोणतीही समिती म्हणू शकणार नाही. दुसरीकडे, इमारतींच्या सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ च्या राजीव रतुरी खटल्यातील निकालात अमान्य केली आणि काही निकष सक्तीचे करावेत असे सांगितले. त्यामुळे ‘जमेल तेव्हा करू’ हे उत्तर यापुढे फार काळ चालणार नाही.

जुनामाठ

धाग्याचा विषय दिव्यांग सहकाऱ्याचा आहे, तरी कामाची वाटणी हा शब्द शीर्षकात असल्याने लिहिण्याचे धाडस करतो.

माझे वडील एका ग्रंथालयात शिपाई होते. पदनाम शिपाई असले तरी त्यांच्या वाट्याला काय येई हे पदावर ठरत नव्हते. त्याच ग्रंथालयात दुसरेही एक शिपाई होते, ते पुस्तके काढून देत, पत्रे टपालात टाकत आणि सभेच्या दिवशी चहा देत. वडील संडास धूत, उंदीर मेला की काढत आणि पावसाळ्यात तळघरातले पाणी उपसत. दोघांचा पगार एकच होता. हे कोणी लिहून दिलेले नव्हते, कोणी तोंडाने सांगितलेलेही नव्हते, आडनावे ऐकून ते आपोआप ठरले होते. माठावर दोन पेले होते, एक स्टीलचा आणि एक काचेचा, आणि काचेचा पेला आपला आहे हे वडिलांना पहिल्याच दिवशी समजले होते. ही १९८० नंतरची गोष्ट आहे.

१९२३ मध्ये समाजसुधारक सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव आणला, तेव्हा सार्वजनिक पाणवठे आणि धर्मशाळांबरोबर सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखानेही अस्पृश्यांना खुले करावेत असे त्यात होते. त्याआधी १९१७ मध्ये डॉ. आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीत असताना शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकत. हे संस्थान त्या काळी गावोगावी वाचनालये काढण्यासाठी नावाजलेले होते. वाचनालये काढणे आणि कचेरीतल्या माणसाला माणसासारखे वागवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच मला त्यातून दिसते.

ताई, आपल्या तरुण सहकाऱ्याला टेबलाशी बसवून देवघेव शिपायाकडे द्यायची असे कार्यवाहांनी सुचवले. त्या शिपायाला याबद्दल कोणी विचारले का? त्याला अधिकचे काम मिळणार, पगार वाढणार का? आणि संडासाचे काम नक्की कोण करतो?

निर्गमखिडकी

जुनामाठ, आपल्या शेवटच्या प्रश्नाने मी अस्वस्थ झाले. संडासाचे काम आमचे शिपाई करतात, आणि त्यांना कोणीही विचारले नव्हते, मीही नाही. त्यांचे आडनाव मला ठाऊक आहे आणि आपण काय सुचवत आहात हेही समजते. सोमवारच्या साप्ताहिक सुट्टीत नगरपरिषदेच्या सफाई कंत्राटाखाली ते काम देता येईल का, हे विचारण्यासाठी मी पत्र तयार केले आहे. कंत्राटातही तेच समाज राबतात याची मला जाणीव आहे, म्हणून हे उत्तर पुरेसे नाही हे मी मान्य करते.

सायंपाळी

मी एका ‘अ’ वर्ग ग्रंथालयात सहायक ग्रंथपाल आहे आणि संध्याकाळची पाळी बहुधा माझीच असते, कारण सकाळी पुरुष सहकाऱ्यांना ‘बाहेरची कामे’ असतात.

रात्री साडेआठला कुलूप लावून किल्ली कार्यवाहांच्या घरी द्यायची असते. सगळ्यात वरच्या फळ्या साडेसात फुटांवर आहेत आणि साडी सावरत तीन पायांच्या स्टुलावर चढून मी गेली सहा वर्षे पुस्तके काढते आहे. शिडी घ्या असे मी तीनदा लिहून दिले. चौथ्या वेळी एका सभासदावर पुस्तक पडले आणि आठ दिवसांत शिडी आली. महिला कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह नाही. सभासदांसाठीचे आहे, त्याची किल्ली पुरुष वाचनकक्षातील खिळ्याला अडकवलेली असते, आणि ती मागण्यासाठी वीस पुरुषांसमोरून जावे लागते.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाच्या तक्रारीबाबत एक माहिती येथे असावी असे वाटते, कारण ती मला फार उशिरा मिळाली. त्यासंबंधीच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे अंतर्गत समिती लागते. आपली बहुतेक ग्रंथालये दहाच्या आतली आहेत, म्हणून ‘आपल्याकडे तो कायदा नाही’ असे सरसकट सांगितले जाते, आणि ते चूक आहे. दहाच्या आतील आस्थापनांसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते आणि तक्रार तेथे करता येते. साधारण मुदत घटनेपासून तीन महिन्यांची आहे, योग्य कारण असल्यास आणखी तीन महिने मिळू शकतात. कर्मचारी या शब्दात मानधनावरील, प्रशिक्षणार्थी आणि स्वेच्छेने काम करणाऱ्या व्यक्तीही येतात. आपल्या क्षेत्रात निम्म्या स्त्रिया ‘मानधन’ या एका शब्दाखाली झाकलेल्या असतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

मूकवाचक

मला ऐकू येत नाही. दाखल नोंदवही (नव्या पुस्तकांची नोंद) आणि ग्रंथबांधणी ही कामे मी करतो. स्पर्शलिपी यांना जसा दूरध्वनी देतात तशी मला बांधणी देतात, कारण तेथे कोणाशी बोलावे लागत नाही. मला बोलायला आवडते, फक्त लिहून.

मासिक सभेत सर्व जण एकाच वेळी बोलतात आणि मला शेवटी सांगतात, ‘काही विशेष नाही’. गेल्या वर्षी कामाच्या वेळा बदलल्या होत्या, तेही त्या ‘काही विशेष नाही’मध्ये होते. आता ग्रंथपाल सभेची विषयपत्रिका आदल्या दिवशी देतात आणि सभेत एक जण मुद्दे पडद्यावर टंकत राहतो. इतिवृत्त वेगळे लिहावे लागत नाही म्हणून टंकणाऱ्यालाही ते आवडते.

जमाखर्च

वरील प्रतिसाद वाचून माझे काही म्हणणे मी मागे घेतो, सर्व नाही.

आमच्या प्रवेशाला एक उतार आहे हे मी मुद्दाम लिहिले नव्हते. काल मी टेप घेऊन तो मोजला. तीन पायऱ्या, प्रत्येकी सहा इंच, म्हणजे दीड फूट चढ. एकास बारा या प्रमाणाने उतार अठरा फूट लांब हवा, आमचा साडेपाच फूट आहे. तो आम्ही एका वर्षी ‘सुगम्यता’ या शीर्षकाखाली बांधला, त्याचे छायाचित्र अहवालात छापले, आणि त्यावरून आजवर फक्त एका पदाधिकाऱ्याची स्कूटर आत गेली आहे. चाकाची खुर्ची त्यावरून वर चढवली तर मागे उलटेल. अठरा फूट सरळ उतार रस्त्यावर जाईल, म्हणून तो भिंतीलगत वळवून घ्यावा लागेल, आणि मध्ये सपाट टप्पा लागेल. गवंड्याचा अंदाज आणायला सांगितले आहे.

पगाराबद्दलचे माझे मत कायम आहे. सहा महिन्यांनी एकदा पैसे मिळणाऱ्या माणसाला शिडी, ट्रे आणि पिवळी पट्टी देऊन आपण समन्याय केला असे म्हणू नये. दिव्यांग माणसाला प्रवासाला अधिक खर्च येतो, आणि मानधन मात्र सर्वांना सारखेच तुटपुंजे मिळते, म्हणजे प्रत्यक्षात त्याला कमी मिळते. संघटनांच्या मागणीपत्रात वेतनश्रेणीच्या खाली प्रवासभत्त्याचा हा मुद्दा मी तरी कधी वाचला नाही.

स्पर्शलिपी

जमाखर्च साहेबांचा हा मुद्दा अगदी खरा आहे. पाऊस असला की मला रिक्षाच करावी लागते, आणि त्या महिन्यात माझा पगार माझ्या शेजाऱ्यापेक्षा कमी असतो, जरी पगारपत्रकावर तो सारखा दिसतो.

निर्गमखिडकी

सात आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमस्व. जे झाले आणि जे झाले नाही, दोन्ही सांगते.

ट्रे ठेवल्यावर आणि नवीन पुस्तकांवर बारकोड एकाच कोपऱ्यात लावल्यावर देवघेवीतला फरक पाच-सात सेकंदांवर आला आहे. जुन्या पुस्तकांचे बारकोड अजून वाटेल तेथे आहेत. कार्यवाहांनी देवघेव त्याच्याकडे ठेवायला संमती दिली, मात्र सभेत त्यांनी ‘आपल्या दिव्यांग बांधवाचे कौतुक’ म्हणून टाळ्या वाजवायला लावल्या. त्यानंतर सहकाऱ्याने मला एकांतात सांगितले की ताई, पुन्हा असे करू नका, आणि सूचनावहीतल्या त्या तक्रारीला लेखी उत्तर मात्र द्या. उत्तर मी दिले. विकाराचे नाव लिहू का असे त्याला विचारले, तर तो म्हणाला, ‘नको, कर्मचारी आपले काम नियमाप्रमाणे करत आहे एवढेच लिहा.’ तसेच लिहिले.

बोळांतल्या ट्यूब फिरवून घेतल्या. त्यात माझी एक चूक झाली. वायरमनला मी शेवटच्या, संदर्भग्रंथांच्या बोळाचे सांगायला विसरले, आणि तेथे तो धडकून त्याच्या कपाळाला दोन टाके पडले. तो बोळ आता उजळला आहे.

सहकाऱ्याच्या रात्री साडेआठपर्यंतच्या पाळीचा प्रश्न सोडवता आला नाही. इमारतीतला उजेड माझ्या हातात आहे, बाहेरच्या गल्लीतला नाही. दोन खांबांवरचे दिवे महिनोन्‌महिने बंद आहेत, त्यासाठी नगरपरिषदेत अर्ज दिला आहे. तोवर तो सकाळची पाळी करतो, संध्याकाळची माझ्याकडे आहे, आणि हे मी उपकार म्हणून करत नाही हे त्याला पटावे म्हणून सकाळच्या पाळीतले वर्तमानपत्रांच्या फायलींचे कंटाळवाणे काम पूर्णपणे त्याच्याकडे गेले आहे. त्याबद्दल तो रोज कुरकुरतो.

शिपायांना आम्ही बसवून विचारले. त्यांना देवघेव नको होती, पण ग्रंथालय प्रशिक्षण वर्गाला बसायचे होते, हे ते आजवर कोणाला बोलले नव्हते. वर्गाचे शुल्क संस्थेने भरावे असा ठराव पुढच्या सभेत येत आहे. संडासाच्या पत्राला नगरपरिषदेचे उत्तर आलेले नाही. तोपर्यंत आठवड्याचे वेळापत्रक लावले असून त्यात माझे नाव मंगळवारी आहे. कार्यवाहांचे नाव गुरुवारी लिहिले होते, ते कोणीतरी खोडले आहे. मी पुन्हा लिहिले.

स्पर्शलिपी सर, आपल्याला एक तांत्रिक प्रश्न. आमच्याही चार हजार नोंदी जुन्या टंकात निघाल्या. रूपांतरकातून काढल्यावर बहुतेक ठीक आल्या, पण काही शब्दांत ह्रस्व वेलांटी भलत्याच अक्षराला लागते आणि रफार पुढे सरकतो. हे हाताने दुरुस्त करण्यावाचून मार्ग आहे का?

स्पर्शलिपी

पूर्णपणे नाही. जुन्या टंकात ह्रस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम नेमका उलट असतो. साध्या अक्षरांना रूपांतरक क्रम बरोबर फिरवतो, जोडाक्षर आले की गोंधळतो. त्यामुळे सर्व चार हजार नोंदी तपासू नका. वेलांटी किंवा रफार यांच्यासह जोडाक्षर असलेली नावे वेगळी काढा, ती काही शेकड्यांत येतील. आधी लेखकांची नावे घ्या, शीर्षके नंतर, कारण वाचक बहुधा लेखकावरून शोधतो. आणि दुरुस्त केलेली प्रत्येक नोंद पडदावाचकाला एकदा वाचायला लावा. डोळ्यांना जी चूक सहज निसटते ती कानाला लगेच खटकते. यादी मला पाठवलीत तर मी रविवारी ऐकून देईन.